घरगुती प्रक्षेपक आणि नको असलेल्या लहरी : हौशी रेडिओच्या इतिहासातील एक धडा

प्रस्तावना

हौशी रेडिओचा परवाना मिळालेल्या व्यक्तीला एक मोठी मोकळीक असते. पोलीस, विमानतळ किंवा मोबाइल कंपनी यांना चाचणी होऊन आलेले, मान्यताप्राप्त संच वापरावे लागतात. हौशी मात्र रेडिओ सिद्धांताची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर घरच्या टेबलावर स्वतः झाळलेला प्रक्षेपक अँटेनाला जोडू शकतो. त्या संचावर कारखान्याचा शिक्का नसतो. तो नीट चालतो की नाही हे तपासण्याची जबाबदारी बनवणाऱ्याचीच असते.

ही मोकळीक एका अटीवर टिकून आहे : आपल्याला दिलेल्या पट्ट्याबाहेर आपल्या लहरी जाऊ द्यायच्या नाहीत. ही अट कशी घडली, ती पाळण्याचे तंत्र कसे विकसित झाले आणि भारतात त्याचा अनुभव काय आला, हे या टिपणात आपण पाहू.

नको असलेली लहर म्हणजे काय?

तंबोऱ्याची तार छेडली की केवळ मूळ स्वर ऐकू येत नाही. त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वरही त्यात मिसळलेले असतात. खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा स्वयंभू गंधार हा असाच पाचव्या पटीचा स्वर. गायकाला तो हवासा वाटतो. रेडिओत हीच गोष्ट अडचणीची ठरते. फ्रेंच गणितज्ञ जोसेफ फुरिए यांनी १८२२ च्या ग्रंथात मांडलेल्या विचारानुसार कोणतीही आवर्ती लहर अनेक शुद्ध लहरींची बेरीज म्हणून लिहिता येते. म्हणून प्रक्षेपकातील लहरीचा आकार थोडा जरी बिघडला, तरी मूळ वारंवारतेच्या पटीतील लहरी जन्माला येतात. त्यांना हार्मोनिक म्हणतात.

याखेरीज आणखी तीन प्रकार लक्षात ठेवा. ॲम्प्लिफायर स्वतःच भलत्याच वारंवारतेवर थरथरू लागला, तर त्याला परजीवी आंदोलन म्हणतात. दोन लहरींच्या मिश्रणातून बेरीज-वजाबाकीच्या अनपेक्षित लहरी निघतात. आणि मोर्सची कळ फार झटक्यात उघड-मीट झाली, किंवा आवाज प्रमाणाबाहेर वाढवला, तर संकेत आजूबाजूला पसरतो व शेजारच्या वारंवारता बिघडवतो.

ठिणगीपासून नियमापर्यंत

सुरुवातीचे बिनतारी प्रक्षेपक ठिणगीवर चालत. ठिणगी पडली की लहर उठे आणि घंटेच्या नादासारखी विरत जाई. जितकी लवकर विरेल तितकी ती अधिक रुंद पट्टा व्यापे. शिवाय ठिणगीचे मंडल आणि अँटेनाचे मंडल फार घट्ट जोडले, तर एकाऐवजी दोन वेगळ्या लांबीच्या लहरी बाहेर पडत. एकच केंद्र बोलू लागले की परिसरातील बाकी सर्वांना गप्प बसावे लागे.

१९१२ मध्ये टायटॅनिक जहाज बुडाल्यानंतर त्याच वर्षी अमेरिकेने रेडिओ कायदा केला. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यात दोन तरतुदी महत्त्वाच्या होत्या. पहिली ‘शुद्ध लहरी’ची : मुख्य लहरीखेरीज दुसरी लहर निघत असेल, तर तिची ऊर्जा मुख्य लहरीच्या १० टक्क्यांहून अधिक नसावी. दुसरी ‘तीक्ष्ण लहरी’ची : लहर फार लवकर विरू नये. याच कायद्याने हौशींना २०० मीटर व त्याहून कमी लांबीच्या लहरींवर पाठवले. त्या काळी हा भाग निरुपयोगी समजला जाई. पुढे हौशींनीच लघुलहरींवरून महासागरापार संपर्क साधून दाखवला, हा इतिहास तुम्ही इतरत्र वाचला असेल.

१९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेत ठिणगी-प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने हद्दपार करण्याचे ठरले. तिथेच हौशींचे पट्टे आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झाले. त्यांतील काही पट्ट्यांची सुरुवात पाहा : ३.५, ७, १४, २८ आणि ५६ मेगाहर्ट्‌झ. प्रत्येक आकडा आधीच्या दुप्पट आहे. या रचनेचा एक फायदा सहज दिसतो. ७ मेगाहर्ट्‌झवरील प्रक्षेपकाचा दुसरा हार्मोनिक १४ वर पडला, तर त्रास होणार तो दुसऱ्या हौशीलाच. चूक घरातल्या घरात राही. १९४७ च्या अटलांटिक सिटी परिषदेत मिळालेला २१ मेगाहर्ट्‌झचा पट्टाही ७ च्या तिप्पट होता. परंतु १९७९ च्या जिनिव्हा परिषदेत मिळालेले १०, १८ आणि २४ मेगाहर्ट्‌झचे पट्टे या कुटुंबात बसत नाहीत. १० ची दुप्पट २० होते, आणि तिथे हौशींचा पट्टा नाही. पट्ट्यांच्या रचनेने दिलेले संरक्षण आता पुरेसे नव्हते.

भारतातील वाटचाल

अमरेंद्रचंद्र गुप्तू आणि मुकुल बोस हे भारतातील पहिले हौशी मानले जातात. त्यांचा काळ १९२१ च्या सुमाराचा. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा या चौकटीत पुढची वाटचाल झाली. १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू होताच हौशींचे परवाने रद्द झाले. तरीही घरगुती प्रक्षेपकाचा सर्वांत गाजलेला प्रसंग याच काळातला आहे. १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात मुंबईतून उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ चालवला. त्याचा प्रक्षेपक बांधण्याचे काम नरिमन प्रिंटर या हौशीने केले. ४२.३४ मीटर ही त्याची लहर, म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्‌झ. आजच्या हौशी पट्ट्यातीलच ही जागा. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी हे केंद्र पकडले गेले.

स्वातंत्र्यानंतर १५ मे १९४८ रोजी महू येथील सिग्नल्स स्कूलमध्ये हौशी रेडिओ क्लबची स्थापना झाली. पुढे त्याचे मुख्यालय दिल्लीला गेले आणि तो ॲमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया या नावाने ओळखला जाऊ लागला. १९५२ मध्ये देशातील वारंवारतांचे नियोजन पाहणारी डब्ल्यूपीसी ही शाखा निर्माण झाली. लहरींवर लक्ष ठेवणारी देखरेख केंद्रेही देशभर उभी राहिली. उपग्रहांच्या लहरी तपासणारे केंद्र महाराष्ट्रात जालना येथे आहे. हौशी सेवेचे सविस्तर नियम १९७८ चे.

या काळातील भारतीय हौशी बहुतेक लष्कराच्या भंगारातून आलेल्या व्हॉल्व्हवर काम करत. ८०७ हा त्यांचा आवडता व्हॉल्व्ह : स्वस्त, दणकट, पण परजीवी आंदोलनांसाठी कुप्रसिद्ध. त्यावर उपाय म्हणून ग्रिडच्या किंवा प्लेटच्या तारेत एक छोटा रोधक आणि त्यावर गुंडाळलेले तारेचे काही वेढे बसवत. शक्ती वाचवण्यासाठी हे व्हॉल्व्ह ‘क्लास सी’ पद्धतीने चालवले जात. म्हणजे लहरीच्या प्रत्येक आवर्तनात थोडाच वेळ प्रवाह वाहू द्यायचा. यात कार्यक्षमता मिळते, पण लहरीचा आकार पूर्ण बिघडतो. तो सावरण्याचे काम कॉइल आणि कपॅसिटरच्या टँक मंडलावर असे. पुढे ‘पाय’ जोडणी रूढ झाली. तिच्यात दोन कपॅसिटर जमिनीकडे आणि मधे कॉइल असते, त्यामुळे ती आपोआपच उंच वारंवारता अडवते.

दूरदर्शन आले आणि शेजारी जागे झाले

दिल्लीत दूरचित्रवाणी १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली, मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी. आता एक साधे गणित करा. पहिल्या टीव्ही पट्ट्यातील चौथा चॅनल ६१ ते ६८ मेगाहर्ट्‌झ व्यापत असे. २१ मेगाहर्ट्‌झची तिप्पट ६३ होते. तिसरा चॅनल ५४ ते ६१ चा. २८ ची दुप्पट ५६ होते. हौशीने कळ दाबली की शेजारच्या पडद्यावर आडव्या-तिरप्या रेघा उमटणे हे या गणितातून निघते.

उदाहरणासाठी दिल्लीतील मयूर विहार घ्या. यमुनेच्या पूर्वेकडची ही वसाहत डीडीएच्या सदनिका आणि सहकारी गृहनिर्माण संस्था यांनी दाट भरलेली आहे. १९८२ मध्ये रंगीत प्रसारण आले, १९८४ च्या सुमारास देशभर टीव्ही प्रक्षेपकांचे जाळे वेगाने वाढले, आणि त्याच वर्षी बिनतारी उपकरणांवरील आयात शुल्क माफ झाल्यानंतर हौशींची संख्याही वाढू लागली. अशा वसाहतीत एकाच गच्चीवर कुणाचा टीव्ही अँटेना आणि कुणाची हौशी तार शेजारी-शेजारी असू शकते. सगळ्या संसाराचा शेजार भिंतीला भिंत लागून असताना अशुद्ध लहर लपून राहत नाही.

अशा तक्रारींवर जगभरच्या हौशींनी जे उपाय शोधले, ते क्रमाने असे :

१. प्रक्षेपक सर्व बाजूंनी बंद धातूच्या पेटीत ठेवणे. हार्मोनिक अँटेनातूनच जातात असे नाही. उघड्या तारांतूनही ते निसटतात.
२. पेटीत शिरणाऱ्या वीजपुरवठ्याच्या तारांना फिल्टर लावणे.
३. अँटेनाच्या वाटेवर लो-पास फिल्टर बसवणे. तो ३० मेगाहर्ट्‌झपर्यंतचे जाऊ देतो, टीव्हीच्या वारंवारता अडवतो.
४. मोर्सच्या कळीला सुमारे ५ मिलिसेकंदांचा चढ-उतार देणे.
५. एवढे करूनही त्रास राहिला, तर शेजाऱ्याच्या टीव्हीला हाय-पास फिल्टर लावणे. कारण काही वेळा दोष शुद्ध पण जवळच्या लहरीने भारावून जाणाऱ्या संचाचा असतो.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी आपले घर स्वच्छ करायचे, मग शेजाऱ्याचे दार वाजवायचे.

टीव्हीतील रेघा ही निव्वळ गैरसोय होती. पण २८ मेगाहर्ट्‌झची चौपट ११२ होते, आणि १०८ ते ११८ मेगाहर्ट्‌झचा भाग विमानांच्या दिशादर्शनाचा आहे. तिथे तक्रार करायला शेजारी येत नाही. तिथे माणसांचा जीव गुंतलेला असतो.

बिटएक्सचा धडा

एकविसाव्या शतकात भारतीय घरगुती रेडिओचे नाव जगभर पोहोचले ते हैदराबादच्या अशर फरहान यांच्या बिटएक्स संचामुळे. त्यांचा सांकेतिक परिचय व्हीयू२ईएसई. भारतात सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून बोलता येईल असा संच, ही त्यामागची कल्पना. कॉइल गुंडाळण्यासाठी नळाचे वॉशरही चालतील, इतका तो साधा होता. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली किंवा दिल्लीचे लजपतराय मार्केट पालथे घालणाऱ्या विद्यार्थ्याला तो परवडणारा होता.

२०१७ मध्ये आलेला मायक्रोबिटएक्स हा सर्व लघुलहरी पट्ट्यांवर चालणारा होता. तो जगभर गेल्यावर हौशींनी त्याच्या लहरी मोजल्या आणि दोन दोष उघड झाले. पहिला हार्मोनिकचा. त्यात चार लो-पास फिल्टर होते आणि ते रिलेने बदलले जात. फिल्टरची येणारी व जाणारी वाट रिलेंपाशी इतकी जवळ होती की थोडी ऊर्जा फिल्टरला वळसा घालून निसटत होती. फिल्टर चांगला होता, पण कुंपणालाच भोक होते.

दुसरा दोष मिश्रणाचा. संचात मधली वारंवारता ४५ मेगाहर्ट्‌झ. २८ वर बोलण्यासाठी ७३ मेगाहर्ट्‌झचा ऑसिलेटर लागे, कारण ७३ वजा ४५ म्हणजे २८. पण ४५ ची दुप्पट ९० सुद्धा थोडी तयार होई, आणि ९० वजा ७३ म्हणजे १७. ही १७ मेगाहर्ट्‌झची लहर २८ च्या खाली असल्याने लो-पास फिल्टर तिला अडवू शकत नाही. तिचा बंदोबस्त ती जन्मते तिथेच करावा लागतो.

अमेरिकी नियमानुसार अशी लहर मूळ लहरीपेक्षा निदान ४३ डेसिबलने कमी हवी, म्हणजे विसाव्या हजाराव्या भागाइतकी. १०० वॅटच्या प्रक्षेपकाला केवळ ५ मिलिवॅटची सूट. १९१२ मधील दहाव्या भागाशी हे ताडून पाहा. दोष कळल्यावर तो झाकला गेला नाही. आराखडा खुला होता, त्यामुळे अनेकांनी उपाय सुचवले, आणि २०१९ च्या सुधारित आवृत्तीत त्यांचा विचार झाला. उघड आराखडा असणे आणि दोष मान्य करणे, यांनीच ही दुरुस्ती शक्य झाली.

आज तुमच्या हातात काय आहे?

पूर्वी लहरींचा पट पाहणारे उपकरण मोठ्या प्रयोगशाळेतच असे. २०१२ च्या सुमारास टीव्हीसाठीच्या स्वस्त यूएसबी डोंगलचा रेडिओसारखा वापर करता येतो हे कळले, आणि नंतर खिशात मावणारे स्पेक्ट्रम ॲनालायझरही आले. अँटेनाऐवजी डमी लोड जोडा, मधे पुरेसा ॲटेन्युएटर घाला, आणि मगच मोजा. ॲटेन्युएटर विसरलात तर मोजणारे उपकरणच भारावून खोटे हार्मोनिक दाखवील.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हौशींनी संपर्काच्या कामात मदत केली. अशा वेळी समाज हौशीवर विसंबतो. हा विश्वास संकटाच्या दिवशी मिळत नाही. एरवीच्या दिवशी आपली लहर आपल्या हद्दीत ठेवून तो कमवावा लागतो.

स्वाध्याय

१. १९२७ च्या पट्ट्यांची दुपटीची रचना हौशींना कशी उपयोगी पडली? १९७९ नंतर ती अपुरी का ठरली?
२. मायक्रोबिटएक्सच्या पद्धतीने १४ मेगाहर्ट्‌झसाठी ऑसिलेटरची आणि मिश्रणातून निघणाऱ्या लहरीची वारंवारता काढा. या पट्ट्यावर लो-पास फिल्टर का पुरतो ते सांगा.
३. ‘संच कारखान्याचा नसला तरी जबाबदारी कारखान्याइतकीच’ हे विधान या इतिहासातील दोन उदाहरणांनी स्पष्ट करा.