अडीचचा आकडा आणि कोरियातलं शेवाळाचं सूप

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, ही तर पॅथॉलॉजी लॅबची गोष्ट, यात इतिहास कुठला? पण रिपोर्टवर ‘नॉर्मल’ म्हणून छापलेल्या मर्यादेलाही इतिहास असतो. गरोदरपणातल्या थायरॉइड तपासणीत असा एक आकडा आहे, अडीच. तो कोरियात कसा बसत नाही, ते आज बघू.

सुरुवात १९९९ पासून करावी लागते. अमेरिकेत हॅडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर स्त्रियांचे साठवून ठेवलेले पंचवीस हजारांवर रक्तनमुने तपासले आणि टीएसएच वाढलेल्या ६२ जणी शोधल्या. त्यांची मुलं तोवर सात ते नऊ वर्षांची झाली होती. ज्या आयांवर उपचार झालेच नव्हते, त्यांच्या मुलांचा बुद्ध्यांक सरासरी सात गुणांनी कमी निघाला. झालं! मुलाच्या बुद्धीचा प्रश्न म्हटल्यावर कुठली आई शांत बसेल?

भीती निराधार नव्हती. पहिले साधारण बारा आठवडे गर्भ स्वतःचं थायरॉइड संप्रेरक बनवत नाही, सगळं आईकडून घेतो. याच काळात वारेतून येणारं एचसीजी आईच्या थायरॉइडला चालना देतं, आणि टीएसएच खाली येतो. म्हणून एरवीची मर्यादा इथे चालत नाही. २०११ मध्ये अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने पहिल्या तिमाहीसाठी अडीच ही वरची मर्यादा दिली. प्रयोगशाळेकडे स्वतःची मर्यादा नसेल तर, असं म्हणून. आकडा जगभर फिरला. हे ‘नसेल तर’ मात्र वाटेत कुठेतरी गळून पडलं.

आता कोरियात चला. तीन बाजूंनी समुद्र, आणि ताटात समुद्री शेवाळ. आपल्याकडे बाळंतिणीला डिंकाचे, अळिवाचे लाडू, तसं तिथे मियॉकगुक, म्हणजे शेवाळाचं सूप. बाळंतपणानंतर कित्येक आठवडे आणि पुढे दर वाढदिवसालाही. शेवाळात आयोडीन भरपूर. आपण कांगडा खोऱ्यातल्या गलगंडापासून मिठात आयोडीन घालण्यापर्यंत आलो. तिथली अडचण उलटी. २०१३ ते २०१५ च्या राष्ट्रीय पाहणीत लोकांच्या लघवीतलं आयोडीन मध्यक मोजून लिटरला सुमारे २९४ मायक्रोग्रॅम भरलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या लेखी १०० ते १९९ पुरेसं. आयोडीन जास्त झालं की थायरॉइड थोडा ब्रेक लावतो, टीएसएच जरा वर सरकतो. त्याच पाहणीत निरोगी कोरियन माणसांची टीएसएचची मर्यादा ०.६२ ते ६.६८ निघाली. आपल्या रिपोर्टवर ती बहुधा साडेचारच्या आसपास संपते.

म्हणजे कोरियन बाईचा टीएसएच मुळातच उंचावरून उतरायला लागतो. तिला अडीचची फूटपट्टी लावली तर काय होईल, याचा अंदाज शेजारच्या चीनमधून येतो. तिथे ४,८०० गरोदर स्त्रियांत अडीचची मर्यादा धरली तेव्हा २७.८ टक्के ‘आजारी’ ठरल्या. त्यांच्याच लोकसंख्येतून काढलेली ४.८७ ची मर्यादा धरली तेव्हा फक्त ४ टक्के. एका आकड्याने हजाराहून जास्त बायका रोगी!

कोरियाला हे नवीन नाही, बरं का. सोनोग्राफीने निरोगी माणसांच्या गळ्यात गाठी शोधण्याचा प्रघात पडला, आणि २०११ मध्ये थायरॉइड कर्करोगाचं निदान १९९३ च्या पंधरापट झालं. मृत्यू तेवढेच राहिले.

२०१७ मध्ये अमेरिकन संघटनेने मर्यादा बदलली: आधी आपल्याच लोकसंख्येची काढा, नसेल तर साधारण ४ धरा. माझ्या मते हे आधीच व्हायला हवं होतं. पण म्हणून तपासणीच नको, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. टीएसएच खरोखर खूप वाढलेला असेल तर गोळी द्यायलाच हवी. किंचित वाढलेल्या गटावर उपचार करून मुलांच्या बुद्ध्यांकात फरक पडला नाही, असं २०१२ आणि २०१७ च्या दोन मोठ्या चाचण्यांनी दाखवलं. मात्र त्यांतल्या एकीत गोळ्या तेराव्या आठवड्याच्या सुमारास सुरू झाल्या, दुसरीत त्याहून उशिरा. तोवर गर्भाचा स्वतःचा थायरॉइड काम करू लागलेला असतो.