तुरीच्या परातीमागचा इतिहास

कुकरच्या शिट्टीने वा सदऱ्याच्या शिवणीने कासावीस होणारे मूल पूर्वी केवळ 'हट्टी' ठरे. अमेरिकेतील जीन आयर्स यांनी १९७२ च्या ग्रंथात त्याचे कारण मेंदूकडून होणाऱ्या संवेदनांच्या जुळवणीत शोधले. तोवर भारतात ऑक्युपेशनल थेरपी रुजली होती. जन्माने अमेरिकन, विवाहाने मराठी अशा कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात तिचे शिक्षण सुरू केले.

आज दर्यापुरातील एखादी आई तुरीच्या परातीत लेकराचे हात खेळवते, सरकीची पिशवी त्याच्या मांडीवर ठेवते, ती याच परंपरेतली. उपचाराच्या परिणामकारकतेवर तज्ज्ञांत वाद आहेच. पण आयर्स यांचा भर मुलाच्या स्वेच्छेवर होता: त्याने हात मागे घेतला, की परात बाजूला सारायची.