मजकूर, वेश आणि वाचकाचा हक्क



संगणकाच्या पडद्यावरील पानांचा इतिहास सांगावयास कामगार चळवळीतला माणूस कशासाठी उभा राहिला, असे आपल्या मनात आले असेल. मी विद्यापीठाची पायरी चढलेलो नाही. जे शिकलो ते पोरवयात छापखान्यात खिळे वेचताना आणि पुढे सभांतून. परंतु ह्या इतिहासात श्रम, करार आणि हक्क हे तिन्ही विषय आहेत, आणि ते माझ्या ओळखीचे आहेत.

छापखान्यापासूनच आरंभ करू. धनवट्यांच्या शिवराज लिथोमुळे नागपूरकरांना शिळाछाप परका नाही. त्यात अक्षर व नक्षी एकाच दगडावर. अक्षर मोठे करावयाचे तर सारे पान पुन्हा लिहिणे आले. खिळ्यांच्या छपाईची रीत वेगळी. संपादक समासात ‘मथळा ठळक, मजकूर बारीक’ अशी खूण करी आणि जुळारी त्याप्रमाणे खिळे लावी. मजकूर एकाचा, त्याचा वेश दुसऱ्याच्या हातचा. ही विभागणी ध्यानात ठेवावी. पुढचे सारे तिच्यावर उभे आहे.

१९८९ साली टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न ह्या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली. त्यांच्या एचटीएमएल ह्या खुणांच्या भाषेत मुख्यतः ‘हा मथळा, हा परिच्छेद, ही यादी’ एवढेच सांगावयाचे होते. परंतु बाजाराला वेश हवा होता. नेटस्केप व मायक्रोसॉफ्ट यांच्या चढाओढीत रंगाच्या, टायपाच्या निरनिराळ्या खुणा निघाल्या. पाने बांधणारे कारागीर आकड्यांसाठी असलेल्या तक्त्यांच्या चौकटींत मजकूर बसवू लागले आणि मोकळी जागा राखण्यासाठी अदृश्य चित्रे घालू लागले. म्हणजे शिळाछापच परत आला! शंभर पानांचा एक रंग बदलावयाचा तर शंभर पाने हाताळावी लागत. आणि अंधांना पान वाचून दाखवणारे यंत्र त्या तक्त्यांत अडखळे.

ह्यावरचा उपाय १० ऑक्टोबर १९९४ रोजी हाकोन व्हियुम ली ह्या नॉर्वेच्या तरुणाने सर्नमध्येच मांडला. हॉलंडचे बर्ट बॉस त्याला येऊन मिळाले आणि डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसची, म्हणजे शैलीपत्रकांच्या नियमांची, पहिली आवृत्ती मान्य झाली. मजकूर एका फाइलीत, वेशाचे नियम दुसरीत; ‘सर्व मथळे निळे’ ही एक ओळ बदलली की शंभर पाने बदलतात.

मला मोलाचे वाटते ते ह्याच्या पुढचे. वेशाचे नियम करण्याचा अधिकार लेखकाप्रमाणे वाचकालाही दिलेला होता. दोघांनीही आपला नियम ‘महत्त्वाचा’ म्हटले, तर कोणाचा चालावा? १९९६च्या आवृत्तीत लेखकाचा चाले. १९९८च्या दुसऱ्या आवृत्तीत हे उलटवले गेले आणि वाचकाचा नियम वरचढ ठरला. ज्याची दृष्टी अधू, त्याला मोठे अक्षर मागण्याचा हक्क मिळाला. करारातले एक कलम बदलल्याने काय होते, हे एम्प्रेस मिल पाहिलेल्या नागपूरला सांगावयास नको.

मात्र कागदावरचा करार आणि त्याचा अंमल ह्यांत अंतर असते. ब्राउझर काढणाऱ्या कंपन्या हे नियम अर्धेमुर्धे पाळीत. तेव्हा १९९८ मध्ये जेफ्री झेल्डमन आदी कारागिरांनी वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट ही संघटना उभारली. ब्राउझरांच्या बेबनावाने स्थळ बांधण्याचा खर्च निदान २५ टक्क्यांनी वाढतो, असे त्यांनी जाहीरपणे मांडले आणि कंपन्यांचा पिच्छा पुरवला. मार्च २००० मध्ये मॅकिंटॉशसाठीच्या एक्सप्लोररने पहिली आवृत्ती बव्हंशी पाळली. २००३ मध्ये कॅनडाच्या डेव्ह शे यांनी ‘सीएसएस झेन गार्डन’मध्ये एकच मजकूर, केवळ शैलीपत्रक बदलून, अनेक रूपांत दाखवला आणि शंकेखोरांची तोंडे बंद झाली. २०१३ मध्ये, काम झाले असे सांगून, संघटनेने स्वतःला विसर्जित केले. किती संघटनांना हे साधते?

आता घरची गोष्ट. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक असतो, मग त्याचे वळण कोणतेही असो. त्यात १९९१ पासून देवनागरी होती, र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल हा टाइप विंडोजबरोबर येऊ लागला होता. तरीही आमच्या संघटनेने आपले स्थळ एका खासगी फॉन्टात केले, तो टपोरा दिसे म्हणून. त्यावर किमान वेतनाचे पत्रक चढवले. सीताबर्डीच्या सायबर कॅफेत ते उघडणाऱ्या बांधकाम कामगाराला निरर्थक रोमन अक्षरे दिसली, कारण त्या यंत्रात तो फॉन्ट नव्हता. दोष आमचा. वेशालाच आम्ही मजकूर समजलो होतो.

पुढे परसोडीच्या आयटी पार्कातल्या एका जाणत्या कारागिराने आम्हांस रीत शिकवली: आधी मजकूर वेशाविना मांडा, तो मोठ्याने वाचून अर्थ लागतो का पाहा, मग सर्वांत लहान फोनसाठी नियम लिहा, मोठ्या पडद्याचे शेवटी. त्या रीतीने पत्रक नव्याने बांधले आणि ते साध्या फोनवर वाचता आले.

आपली पतपेढी, वाचनालय वा संघटना स्थळ बांधावयास देईल तेव्हा एवढेच करा. बांधणाऱ्याला म्हणा, ‘शैलीपत्रक काढून दाखवा.’ उघडा मजकूर सरळ वाचता आला, तर काम चोख आहे. नाही आला, तर पैसे देण्यापूर्वी बोला.