मोडलेला सौदा, उरलेला कागद : भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतील दस्तऐवजांची गोष्ट

१/१२
घराचा सौदा ठरतो, कागद होतो आणि पुढे काही कारणाने मोडतो. त्या मोडलेल्या सौद्याची सार्वजनिक नोंद उरते का? प्रश्न आजचा वाटतो. पण राजगड-तोरण्याच्या पायथ्याशी तो किमान साडेतीनशे वर्षे विचारला जात आहे. त्याच्या उत्तरावर अनेकांची घरे टिकली, अनेकांची बुडाली.

२/१२
भोर आणि वेल्हे (आताचा राजगड तालुका) म्हणजे रोहिडखोरे, हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरे यांचा मुलूख. येथे वतन हीच सर्वांत मोठी मिळकत. रोहिडखोऱ्याच्या देशमुखीवरून कारीचे जेधे आणि उत्रौळीचे खोपडे यांच्यात दीर्घकाळ तंटा चालला. असे तंटे सुटत ते तलवारीने जितके, तितकेच कागदाने.

३/१२
त्या काळची रीत पाहण्याजोगी आहे. वाद गोतसभेपुढे येई. निवाडा मान्य करू, असा ‘राजीनामा’ दोन्ही पक्ष आधीच लिहून देत. निर्णयाचा महजर होई; त्यावर उपस्थितांची नावे आणि ज्याच्या त्याच्या व्यवसायाची निशाणी येई. लिहिता न येणाऱ्या पाटलाचा नांगर ही त्याची सहीच होती.

४/१२
खरी गंमत त्यापुढे आहे. हरलेल्या पक्षाला ‘येजितपत्र’ लिहून द्यावे लागे : या वतनाशी आपला संबंध नाही, पुन्हा दावा सांगणार नाही. देणे फिटले की ‘फारखत’ घेतले जाई. म्हणजे हक्क निर्माण होण्यास जसा कागद लागे, तसाच तो संपण्यासही लागे. नुसते ‘मिटले’ म्हणून भागत नसे.

५/१२
हा आग्रह किती शहाणपणाचा होता, हे तो सुटल्यावर कळले. १२ मे १८७५ रोजी याच पुणे जिल्ह्यात, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे हिसकावून जाळली. राग माणसांपेक्षा कागदांवर अधिक होता. कारण फेडलेल्या कर्जाची पोच हाती नसे आणि जुने खत मात्र न्यायालयात जिवंत राही.

६/१२
सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साह्य कायदा आला. शेतकऱ्यांचे दस्त गावनिबंधकासमोर व्हावेत आणि सावकाराने फेडीची लेखी पावती द्यावी, अशा तरतुदी त्यात होत्या. जे काम पूर्वी फारखत करी, तेच आता कायद्याने सांगावे लागले. भोर मात्र पंतसचिवांचे संस्थान असल्याने तेव्हा ब्रिटिश मुलखाबाहेर होते.

७/१२
८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. पुढे येथील घराजमिनींच्या दस्तांना १९०८ चा नोंदणी कायदा लागू झाला. या कायद्यात दस्तांसाठी निरनिराळी पुस्तके आहेत. पहिल्या पुस्तकात स्थावर मिळकतीचे दस्त जातात. दुसरे पुस्तक मात्र फारसे कुणाच्या ध्यानात नसते.

८/१२
त्या दुसऱ्या पुस्तकात, नोंदणी *नाकारलेल्या* दस्तांच्या नकाराची कारणे लिहिली जातात! आणि कलम ५७ नुसार पहिले व दुसरे पुस्तक, तसेच पहिल्या पुस्तकाच्या सूची शुल्क भरून कुणालाही पाहता येतात. मृत्युपत्रांच्या तिसऱ्या आणि संकीर्ण दस्तांच्या चौथ्या पुस्तकाला ही मुभा नाही. म्हणजे घडलेल्या व्यवहाराइतकीच, न घडू दिलेल्या व्यवहाराची नोंदही लोकांसाठी खुली आहे.

९/१२
मग नोंदवलेला सौदा मोडला तर? विक्रीकरार नोंदणीकृत असेल, तर त्याचा रद्दलेखही नोंदवावा लागतो. पहिला दस्त पुस्तकातून निघत नाही. दुसरा त्याच्या जोडीला येतो. न्यायालयाने दस्त रद्द केला, तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ३१ नुसार हुकूमनाम्याची प्रत निबंधकाकडे जाते आणि तो पुस्तकातील नकलेवर रद्द झाल्याची टीप लिहितो. पान फाडले जात नाही.

१०/१२
चावडीतही तोच न्याय. फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, नोंद नामंजूर झाली तरी तिचा क्रमांक आणि शेरा राहतो. हरकत आली तर वाद तक्रार नोंदवहीत चढतो. सातबाऱ्यावर जुन्या खातेदाराचे नाव खोडत नाहीत. त्याला कंस करतात. पूर्वी येथे कोण होते, हे कंसातून वाचता येते.

११/१२
मात्र एक मोठी फट आहे. विसारपावती, घराची साधी नोंदणी, तोंडी शब्द : यांवर मोडलेले सौदे कुठल्याच सरकारी पुस्तकात येत नाहीत. म्हणूनच १९६३ च्या महाराष्ट्र सदनिका कायद्याने करार नोंदवण्यापूर्वी २० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास बिल्डरला मनाई केली. २०१६ च्या ‘रेरा’ने ती मर्यादा १० टक्क्यांवर आणली. जितका पैसा नोंदीबाहेर, तितका धोका घेणाऱ्याचा.

१२/१२
आज भोर-वेल्ह्यात जमीन किंवा घर घेणारा सूची क्रमांक दोन आणि फेरफार चाळतो, तेव्हा तो नकळत इतिहासकाराचेच काम करतो. इतिहासकारालाही जिंकणाऱ्याच्या सनदेइतकेच हरणाऱ्याचे येजितपत्र मोलाचे असते. दावा कोणी केला होता आणि तो कशावर टिकला नाही, हे त्यातूनच कळते. सुप्याला कागद जाळावे लागले, कारण शेवट लिहिलेला नव्हता. व्यवहार मोडणे हा दोष नव्हे; तो मोडल्याचे लिहून न ठेवणे, हा आहे.