पंचवीस मैलांचे कलम

अमेरिकेतील केंटकी राज्यात बेरिया कॉलेज नावाची एक लहानशी खाजगी संस्था आहे. जॉन फी या धर्मोपदेशकाने १८५५ मध्ये काढलेल्या एका खोलीच्या शाळेतून ती वाढली. फी हा गुलामांच्या मालकाचा मुलगा. गुलामगिरीला विरोध केला म्हणून बापाने त्याला वारशातून वगळले होते. सर्व मानवजाती एकाच रक्ताच्या, या अर्थाचे बायबलमधील वचन संस्थेने ब्रीद म्हणून स्वीकारले. ब्रीदवाक्ये पुष्कळांची असतात. हे मात्र निभावणे कठीण होते. १८५९ मध्ये गावात शिरलेल्या सशस्त्र जमावाने शिक्षकांना राज्याबाहेर घालवले. यादवी युद्ध संपल्यावर, १८६६ मध्ये, शाळा पुन्हा भरली, तेव्हा पटावर १८७ नावे होती. त्यांपैकी ९६ कृष्णवर्णीयांची, ९१ गोऱ्यांची. कालपर्यंत ज्यांना अक्षर शिकण्याची सोय नव्हती ती मुले कालच्या मालकवर्गाच्या मुलांशेजारी बसू लागली.

१८९२ पासून येथे शिक्षणशुल्क घेतले जात नाही. त्याच्या मोबदल्यात प्रत्येक विद्यार्थी आठवड्यातून निदान दहा तास काम करतो: कोणी विणकाम, कोणी सुतारकाम, कोणी झाडू बांधतो. कर्मवीर भाऊराव पाटलांचे ‘कमवा व शिका’ ज्यांनी पाहिले वा ऐकले त्यांना यात नवल वाटणार नाही.

नवल वाटते ते १९०४ चे. त्या वर्षी केंटकीच्या विधिमंडळाने काळ्या-गोऱ्यांना एकत्र शिकवणे हा गुन्हा ठरवला. दंड हजार डॉलर. कायद्याची भाषा सर्वसाधारण होती, रोख एकट्या बेरियावर. त्यात आणखी एक कलम होते: संस्थेला दुसऱ्या वर्णासाठी शाखा काढावयाची असेल तर ती पंचवीस मैल दूर असावी. फायलींत आयुष्य घालवलेल्या आम्हां मंडळींना अशी कलमे चांगली ओळखू येतात! राज्याच्या न्यायालयाने ते अवाजवी म्हणून रद्द केले, मूळ बंदी मात्र उचलून धरली. १९०८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच केले. संस्था राज्याच्या सनदेने जन्मली, तेव्हा सनद बदलण्याचा अधिकार राज्याचा, असा तो युक्तिवाद. न्यायमूर्ती हार्लन यांनी भिन्नमत नोंदवले. ते स्वतः केंटकीचेच होते.

सगळा दोष कायद्याच्या माथी मारणे आम्हांला योग्य वाटत नाही. १८९२ मध्ये अध्यक्ष झालेले फ्रॉस्ट यांचे लक्ष डोंगराळ भागातील गरीब गोऱ्यांकडे वळले होते. हेतू वाईट नव्हता, देणगीदारही त्यामुळे मिळाले. पण पटावरचे जुने निम्मे-निम्मे प्रमाण कायद्याआधीच मोडले होते. निकालानंतर कॉलेजने कृष्णवर्णीयांसाठी पैसा जमवून लुईव्हिलजवळ लिंकन इन्स्टिट्यूट उभारली. ती १९१२ मध्ये सुरू झाली. बेरियाच्या वर्गांत मात्र गोरेच उरले. ब्रीदवाक्य बदलले नाही.

फी हे पाहावयास नव्हता; तो १९०१ मध्ये वारला. कार्टर वुडसन याने बेरियाची पदवी घेतली ती १९०३ मध्ये, म्हणजे दार बंद होण्याच्या आदल्या वर्षी. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या इतिहासाला विद्येचा दर्जा मिळवून देणारा तो हाच. पुढे १९५० मध्ये कायदा दुरुस्त झाला. दुरुस्तीने महाविद्यालयांना एकत्र शिकवण्याची केवळ मुभा दिली, सक्ती कोणावरही केली नाही. बेरियाने दार त्याच वर्षी उघडले.