प्लगची काजळी

गाडीच्या चाकाची धाव सैल झाली की लोहार, फाळ बोथट झाला की लोहार. शेतकऱ्याचं अवजार दुरुस्त करणारा हात कायम दुसऱ्याचा. स्कूटर आली आणि पहिल्यांदा पाना घरातल्या माणसाच्या हाती आला. त्याला कारण तिचा प्लग.

स्कूटरचं कूळ इटलीचं. पियाजिओ कंपनीची व्हेस्पा 1946 ची. पुण्याजवळ आकुर्डीला बजाजवाले तिच्याच परवान्यावर स्कूटर बनवायचे. 1971 ला तो परवाना संपला आणि 1972 ला राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन चेतक निघाली. त्या साली आमच्या नगर जिल्ह्यात माणसं दुष्काळी कामावर खडी फोडून सुकडी खात होती. पुढं पैसे हातात आले तरी गाडी मिळेना. नंबर लावून कुणाकुणाला दहा-दहा वर्षं थांबावं लागलं. म्हणून खेड्यात ती आली बहुतेक जुनी होऊन, मास्तर नाहीतर ग्रामसेवकाच्या हातून. आमच्याकडं 1987 ला आली तीही वापरलेलीच.

तिचं इंजिन टू-स्ट्रोक. पेट्रोलात ऑइल मिसळायचं. ते ऑइलही पेट्रोलाबरोबर जळायचं आणि काजळी प्लगच्या टोकावर बसायची. ठिणगी पडते ती तिथल्या बारीक फटीत. फट काजळीनं माखली की किक मारून पिंढरी भरून आली तरी गाडी गप्प.

ठिणगीची ही जोडणी रुळली 1902 पासून. जर्मनीत बॉशच्या कारखान्यात गोटलोब होनोल्ड या इंजिनिअरनं जास्त दाबाची वीज देणारा मॅग्नेटो आणि प्लग एकत्र बसवले. आपल्याकडची बंगळूरची मायको कंपनी त्याच बॉशच्या घराण्यातली. डिक्कीत मायकोचा एक जादा प्लग आणि प्लगपाना नाही, असा स्कूटरवाला त्या काळी विरळाच.

आमच्या वस्तीवरून डेअरी तीन मैल. दूध घेणं सकाळी साडेसातला बंद. उशीर झाला की दूध परत, म्हणजे त्या दिवसाची पेंड बुडाली. तालुक्याचा मिस्त्री दुकान उघडणार दहाला. मग घरीच शिकलो.

इंजिन निवू द्यायचं. उजव्या बाजूचं झाकण काढायचं. प्लगभोवतीची माती आधी फडक्यानं पुसायची, नाहीतर ती सिलिंडरात पडते. टोपी धरून ओढायची, वायर नाही. पाना डावीकडं फिरवला की प्लग हातात येतो. मग त्याचं तोंड बघायचं, वैद्य जीभ बघतो तसं. कॉफीच्या रंगाचं असलं तर इंजिन ठणठणीत. काळं, ओलं असलं तर ऑइल जास्त. पांढरंफटक असलं तर इंजिन तापतंय. पेट्रोलात भिजवून ब्रशनं घासायचा आणि फटीत करवतीचं पातं घालून बघायचं, जेमतेम सरकलं पाहिजे. टोक झिजलं असलं तर नवा घ्यायचा. बसवताना आधी बोटांनीच फिरवायचा, शेवटी पान्याचा हलका पीळ. जोर केला तर ॲल्युमिनियमचे आटे जातात, आणि मग प्लगच्या पैशात भागत नाही.

मी रात्रपाळीच्या पाण्यावर असलो की हे सगळं आमची ही करायची. पदर खोचून, कंदिलाच्या उजेडात. एकदा गल्लीतल्या मास्तरांची गाडी बंद पडली तेव्हा त्यांनी मला नाही, तिला हाक मारली. "वहिनी, जरा बघता का?" ज्या बाईला कधी सातबाऱ्याचा कागद कुणी दाखवला नव्हता, तिला लोक यंत्राचं विचारू लागले. आमच्या घरात तिच्या शब्दाला वजन आलं ते तिथून.

2009 ला बजाजनं स्कूटर बनवणं थांबवलं. 2020 ला चेतक हे नाव परत आलं, पण विजेवर. तिला काजळी नाही, प्लगही नाही. नातवाला ती घ्यायचीय. घेऊ दे. ही मात्र अजून फवारणीचा पंप चालू झाला नाही की कुणाला बोलवत नाही. प्लग काढते, उजेडाला धरते आणि सांगते, "ऑइल जास्त घातलंय तुम्ही."