मागील पानावरून पुढे चालू : मोठी फाइल, छोटी स्मृती आणि ‘फोल्ड’चा इतिहास

१/ ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा औद्योगिक पट्टा एके काळी रासायनिक कारखान्यांसाठी ओळखला जाई. आज ऐरोली, रबाळे, महापे या भागांत डेटा सेंटरच्या प्रचंड इमारती उभ्या आहेत. तिथे साठवणीला तोटा नाही. परंतु तिथली फाइल शेवटी उघडली जाते ती वाचकाच्या ब्राउझरमध्ये, अनेकदा एखाद्या साध्या फोनवर. मोठी फाइल छोट्या स्मृतीत कशी वाचावी, हा प्रश्न मात्र या इमारतींहून पुष्कळ जुना आहे. हा थ्रेड त्या प्रश्नाच्या इतिहासाचा.

२/ आपल्याकडच्या कीर्द-खतावणीत त्याचे एक उत्तर आधीपासून होते. कालची शिल्लक घ्यावी, आजचा जमाखर्च तीत मिळवावा, नवी शिल्लक काढून पुढे न्यावी. त्यासाठी वर्षभराच्या वह्या एकाच वेळी उघडून बसावे लागत नाही. ‘मागील पानावरून पुढे’ या शब्दांत ती सगळी पद्धत सामावली आहे : हाती एकच पान, आणि त्याआधीच्या सर्व पानांच्या वतीने एक आकडा.

३/ मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्याची स्मृती प्रत्येकी ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या मापाने १०,२४० बाइट. फोनवर काढलेल्या एका छायाचित्रालाही आता याच्या शेकडो पट जागा लागते. माहिती छिद्रांकित कागदी पट्टीवरून आत जाई. पट्टी कितीही लांब असली तरी स्मृती तेवढीच; त्यामुळे वाचावे, हिशेब करावा, पुढे सरकावे, हाच मार्ग होता.

४/ याच सुमारास परदेशांत या पद्धतीला गणिती रूप येत होते. अलोन्झो चर्च यांनी १९३० च्या दशकात लॅम्डा कलन मांडले. जॉन मॅकार्थी यांचा ‘लिस्प’ भाषेवरील निबंध १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून पुढे फंक्शनल भाषांचे घराणे उभे राहिले. शुद्ध फंक्शनल शैलीत जुने मूल्य खोडून त्यावर नवे लिहीत नाहीत. जुन्यापासून नवे मूल्य घडवतात. मग लांबलचक यादीची बेरीज कशी करावी? आरंभीची शिल्लक, एक नियम आणि यादी, एवढे पुरते. या क्रियेला ‘फोल्ड’ म्हणतात. कारकुनाची कीर्द ती हीच.

५/ तथापि यादी आधी पूर्ण स्मृतीत असावी लागते काय? पीटर लँडिन यांनी १९६५ मध्ये ‘स्ट्रीम’ची कल्पना मांडली : यादीचा पुढचा भाग मागितल्यावरच तयार व्हावा. १९९० मध्ये आलेल्या ‘हॅस्केल’ने हा ‘आळशीपणा’ भाषेच्या पायाशीच बसवला. फाइल मागणीप्रमाणे थोडीथोडी वाचली जाऊ लागली. पण त्यात एक सापळा निघाला. बेरीजही लांबणीवर पडू लागली आणि न केलेल्या बेरजांचाच ढीग स्मृतीत साचू लागला. शिल्लक त्या त्या पानावरच काढावी, ही शिस्त पुन्हा शिकावी लागली.

६/ वेबसाठीची ‘एल्म’ ही फंक्शनल भाषा इव्हान चॅप्लिकी यांच्या हार्वर्डमधील २०१२ च्या प्रबंधातून जन्मली. आरंभीच्या एल्ममध्ये ‘फोल्डपी’ नावाचे एक फंक्शन होते. नावाचा विस्तार इतिहासाच्या विद्यार्थ्यांना आवडावा असा : ‘भूतकाळापासूनचा फोल्ड’. आजवर जे घडले त्याचे सार एका मूल्यात ठेवायचे आणि नवी घटना आली की ते बदलून घ्यायचे. २०१६ मध्ये ०.१७ आवृत्तीत हे फंक्शन गेले. कल्पना मात्र ‘अपडेट’ या नावाने उरली : आलेला संदेश आणि जुनी स्थिती यांपासून नवी स्थिती.

७/ मोठ्या फाइलशी एल्मची गाठ इथे पडते. २०१८ च्या ०.१९ आवृत्तीसोबतच्या पिढीत फाइल वाचण्याचे अधिकृत पॅकेज आले. फाइल मजकूर म्हणून मिळते किंवा बाइट म्हणून. पण मिळते ती संपूर्ण. काही शे किलोबाइटपर्यंत हे सोयीचे. शेकडो मेगाबाइटची सीएसव्ही असेल, तर पान गोठते किंवा स्मृती संपून टॅब बंद पडतो.

८/ उपाय जुनाच. फाइल जावास्क्रिप्टच्या बाजूला तुकड्यांत कापायची आणि प्रत्येक तुकडा ‘पोर्ट’मधून एल्मकडे संदेश म्हणून पाठवायचा. एक तुकडा पचल्यावर एल्मने पुढचा मागायचा. ‘अपडेट’ शिल्लक सांभाळते आणि दोन तुकड्यांच्या मध्ये ब्राउझरला पडदा रंगवायला उसंत मिळते. सगळ्या ओळी यादीत साठवत गेल्यास मात्र तुकडे करून काहीच साधत नाही.

९/ आता मराठी वाचकाशी थेट संबंध असलेली अडचण. रोमन लिपीतील अक्षर यूटीएफ-८ मध्ये एका बाइटात मावते. देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला, काना-मात्रेलाही, तीन बाइट लागतात. ‘वाशी’ म्हणजे १२ बाइट. तुकडा दहाव्या बाइटवर तुटला तर हाती ‘वाश’ आणि अर्धवट वेलांटी येते. ६५,५३६ बाइटांचे तुकडे प्रचलित आहेत; या संख्येला ३ ने भागल्यास १ उरतो. म्हणजे मजकूर सलग देवनागरी असला तरी पहिलाच काप एका चिन्हाच्या मधोमध बसतो.

१०/ परिणाम ओळखीचा आहे : शंकरपाळीच्या आकारात प्रश्नचिन्ह. समजा, एखाद्या शहराची नावनिहाय यादी अशी वाचली गेली. ज्याचे आडनाव कापावर सापडले, तो माणूस शोधूनही मिळणार नाही. ‘वाशी’ची मोजणी एकाने कमी भरेल, आणि संगणक चूक झाली असे सांगणारही नाही. केवळ इंग्रजी मजकुरावर चाचणी घेणाऱ्याला हा दोष कधी दिसत नाही, कारण तिथे एका बाइटाचे दोन तुकडे होत नाहीत.

११/ योगायोग असा की, नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार १ जानेवारी १९९२ रोजी सुरू झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात यूटीएफ-८ चा आराखडा रेखाटला. त्यात शहाणपण असे की, चिन्हाचा आरंभ करणारा बाइट आणि मधला बाइट वेगळे ओळखू येतात. त्यामुळे कापावर उरलेले एकदोन बाइट ओळखून पुढच्या तुकड्याच्या आरंभी जोडता येतात. ब्राउझरमधील ‘टेक्स्टडिकोडर’ला आणखी मजकूर येणार आहे असे कळवले, की हे काम तो स्वतः करतो.

१२/ ओळींचेही तसेच. तुकड्याच्या शेवटची ओळ बहुधा अर्धी असते. ती स्थितीत जपून पुढच्या तुकड्याला जोडावी. अवतरणचिन्हांत लिहिलेल्या पत्त्याच्या मध्ये नवी ओळ असेल, तर ती नोंदीचा शेवट नव्हे, हेही स्थितीला ठाऊक हवे. आणि फाइल संपल्यावर हाती उरलेली अखेरची ओळ मोजायला विसरू नये. तिच्यामागे ओळ बदलल्याची खूण असेलच असे नाही.

१३/ म्हणजे पुढच्या पानावर न्यायच्या गोष्टी तीन : आतापर्यंतचा हिशेब, तुटलेले अक्षर आणि अर्धी ओळ. कच्च्या पावत्या गहाळ होऊन केवळ बेरजा उरलेली वही ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यातील किंमतही कळेल. फोल्ड जे पुढे नेत नाही, ते स्मृतीतून जाते. नंतर वेगळा प्रश्न सुचला तर फाइल पहिल्या बाइटापासून पुन्हा वाचावी लागते. म्हणून काय जपायचे, हे पहिले पान उलटण्याआधी ठरवावे, आणि मूळ फाइल जपून ठेवावी.

(थ्रेड समाप्त)